टायर आतून खातोय, खड्ड्यांवर का ढकलता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की आपल्या वाचकांच्या पत्रांत खड्डे येतात, आणि ते यायलाच हवेत. एलबीएस मार्गाला लागून ज्याचं दुकान आहे त्याने खड्ड्यांची वकिली करावी, अशी अपेक्षा कुणी ठेवणार नाही. पण नुकतंच एका वाचकाने लिहिलं, की मुंबईच्या रस्त्यांनी त्याच्या गाडीचे पुढचे दोन्ही टायर वर्षाच्या आत आतल्या कडेने खाऊन टाकले. त्याच पत्रात मध्येच जाता जाता एक वाक्य होतं: गाडीला लोअरिंग स्प्रिंगा (गाडीची उंची कमी करणाऱ्या आखूड स्प्रिंगा) बसवल्यात. मी तिथेच थांबलो. भांडुपला माझं व्हील अलाइनमेंटचं, म्हणजे चाकांचे कोन जुळवून देण्याचं, दुकान आहे, आणि खाली केलेल्या गाड्यांचे असे टायर माझ्या रॅम्पवर दर आठवड्याला चढतात. दोन्ही टायर, दोन्ही आतून, दोन्ही सारखेच. खड्डा असं काम करत नाही.

खड्डा एकाच चाकाला धरतो. आमच्या भागात बहुधा डाव्या पुढच्या चाकाला, कारण गटाराची झाकणं, उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि रस्त्याची तुटकी कड सगळी डावीकडे. मग लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) वाकतो, नाहीतर टाय रॉड (स्टेअरिंगकडून चाकाला वळवणारा दांडा), जोराचा बसला तर स्ट्रटसुद्धा (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब). अशी गाडी मशीनवर घेतली की डाव्या आणि उजव्या चाकाच्या आकड्यांत फरक दिसतो. गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावर स्टेअरिंग तिरकं राहतं. चालवणाऱ्याला कळतंच की काहीतरी बिघडलंय.

खाली केलेल्या गाडीत यातलं काहीच होत नाही. दोन्ही बाजू सारख्याच बिघडलेल्या असतात, त्यामुळे गाडी सुतासारखी सरळ पळते. गाडीवाला मुलगा स्टेअरिंगवरचे हात सोडून दाखवतो, "बघा काका, कुठे ओढतेय?" कुठेच ओढत नाही. दोन्ही चाकं एकमेकांविरुद्ध तेवढाच जोर लावतायत, ओढणार कुठे? आणि झीज आतल्या कडेला, फेंडरच्या सावलीत. बाहेरून टायरची नक्षी नवीकोरी. ज्या दिवशी पंक्चरवाला चाक काढतो आणि टायरच्या आतली तार बाहेर आलेली दाखवतो, त्या दिवशी महानगरपालिकेच्या नावाने शंख सुरू होतो.

आता हे होतं कसं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण सगळी गोम त्यात आहे. चाकाला खालून लोअर आर्म धरतो आणि बाजूने टाय रॉड. चाक वर-खाली होताना हे दोघेही आपापल्या वर्तुळात फिरतात. कंपनीने त्यांची लांबी आणि जागा अशी ठरवलेली असते, की मूळ उंचीच्या आसपास दोघांची चाल जवळपास जुळते आणि चाकाचं तोंड सरळ राहतं. तुम्ही गाडी ४० मिलिमीटर खाली बसवली, की दोघंही कंपनीने नेहमीच्या धावेसाठी न धरलेल्या कोनात कायमचे अडकतात. दोन चाली जुळत नाहीत. टाय रॉड चाकाला पुढून बाहेर ढकलतो, काही गाड्यांत आत ओढतो. माझ्याकडे येणाऱ्यांत बाहेर गेलेलेच जास्त. यालाच टो बिघडणं म्हणतात. बरोबर कॅम्बरही हलतो, म्हणजे चाकाचा माथा आत झुकतो, पण पुढच्या चाकांना तो फार नाही, अर्धा-एक अंश.

लोकांना कॅम्बर दिसतो, म्हणून ते कॅम्बरला शिव्या घालतात. खरा टायर खातो तो टो. हिशेब करून बघा. टायरचा व्यास साधारण ६०० मिलिमीटर. एका चाकाचा टो फक्त २ मिलिमीटर बाहेर गेला, म्हणजे चाकाची पुढची कड मागच्या कडेपेक्षा २ मिलिमीटर बाहेर. उघड्या डोळ्यांना हे दिसणारही नाही. पण गाडी १ किलोमीटर पुढे जाते तेव्हा ते चाक सव्वातीन मीटरहून जास्त आडवं घासलं जातं. ५०० किलोमीटरच्या प्रवासात दीड किलोमीटरच्या वर. गणपतीला कोकणात एकदा जाऊन यायचं म्हटलं, तर टायर तेवढा आडवा फरपटत नेल्याचा हिशेब होतो. त्यात माथा आत झुकलेला असेल, तर ही सगळी घासाघास आतल्या दोन बोटांच्या पट्टीवर येते. टो सरळ ठेवला, तर दीड अंशाचा कॅम्बर रोजच्या वापरात टायर निभावून नेतो. थोडी झीज आतून जास्त होईल, पण तार निघायची नाही.

मग अलाइनमेंट करूनही टायर का खातो? याचं उत्तर द्यायला मला माझ्याच धंद्यातल्या लोकांबद्दल बोलावं लागेल, आणि ते काहींना झोंबेल. आज सगळीकडे थ्रीडी मशीन आहे. चाकांना टार्गेट (कॅमेऱ्याला दिसणाऱ्या खुणेच्या पाट्या) लावतात, गाडी थोडी मागे-पुढे ढकलतात, कॅमेरा आकडे देतो. संगणकात गाडीचं मॉडेल निवडलं की कंपनीच्या मर्यादा आपोआप येतात. त्यात बसलं तर हिरवं, नाही बसलं तर लाल. मशीनला गाडी खाली केल्याचं काय ठाऊक? कॅम्बरचा आकडा लाल येतो. ऑपरेटर म्हणतो, "भाई, इसमें कॅम्बर ॲडजस्ट नहीं होता." हे खोटं नाही. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये पुढे फक्त टो फिरवता येतो, आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा) असेल तर काहीच नाही. पण हे सांगून झालं की तो टो हिरवा करतो, तोही हिरव्या पट्ट्याच्या अगदी कडेला, पैसे घेतो आणि पुढची गाडी चढवतो. गिऱ्हाइकाला कागद मिळत नाही. मिळालाच तर फक्त नंतरचा. आधी काय होतं आणि काय बदललं, हे त्याला कधीच कळत नाही.

शेजारच्या चाळीतला एक मुलगा असाच आला. गाडी चकचकीत, मोठी अलॉय व्हील, पातळ टायर, आणि खिशात दुसऱ्या एका दुकानाची पावती. तिथे म्हणे अलाइनमेंट केली, नायट्रोजन भरला, आणि वर सल्ला दिला की टायर रिमवर उलटा करून लावा, मग राहिलेली बाजू आत जाईल. म्हणजे दुखणं तसंच, फक्त दुसऱ्या गालाला. शिवाय त्याच्या टायरवर बाहेरच्या बाजूला 'आउटसाइड' असं कोरलेलं होतं. असा टायर उलटा लावायचा नसतो. मी आधी गाडी खालून पाहिली. उजव्या टाय रॉड एंडला खेळ होता, डाव्या लोअर आर्मचं मागचं बुश (सांध्यातली रबरी गादी) चिरलेलं. खिळखिळ्या भागांवर अलाइनमेंट करून काय उपयोग? मशीनवर आकडा बसतो आणि पहिल्या ब्रेकला उठतो.

बुश का चिरलं तेही सांगतो, कारण हे फार थोडे मेकॅनिक पाळतात. लोअर आर्मचं रबरी बुश ज्या कोनात आवळलं, तो त्याचा विसाव्याचा कोन. स्प्रिंगा बदलताना तो बोल्ट ढिला केला नाही, किंवा गाडी जॅकवर लटकलेली असतानाच आवळला, तर गाडी जमिनीवर आली की रबर पिळलेलंच राहतं. दिवसरात्र पिळलेलं. काही महिन्यांत फाटतं. बोल्ट ढिला करायचा, गाडी चारही चाकांवर उभी करायची, दोन-चारदा दाबून बसवायची, आणि मग आवळायचं. वेळ जातो, म्हणून कुणी करत नाही.

त्या मुलाच्या गाडीला काय केलं, ते क्रमाने लिहितो. कुणाला आपल्या दुकानदाराला दाखवता येईल. खिळखिळे भाग आधी बदलले. हवा थंड टायरमध्ये दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरली. टाकी अर्धी भरून आणायला सांगितली होती, आणि ड्रायव्हरच्या सीटवर मी वाळूची पोती ठेवतो, कारण गाडी रिकामी धावत नाही. पुढच्या स्ट्रटला चाकाशी जोडणारे दोन बोल्ट असतात. त्यातल्या एकाच्या जागी कॅम्बर बोल्ट घातला. हा बोल्ट मध्ये एका बाजूला फुगीर असतो, फिरवला की चाकाचा माथा अंश-दीड अंश आत-बाहेर सरकतो. दोन्ही बाजूंचा कॅम्बर सारखा करून घेतला आणि त्यानंतर टो. हा क्रम उलटा करून चालत नाही, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच. टो मी शून्याला ठेवला, पट्ट्याच्या कडेला नाही. बोल्ट टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या पान्याने) आवळून त्यावर पिवळ्या रंगाची रेघ मारली, म्हणजे खड्ड्याच्या दणक्याने सरकला तर लगेच दिसेल. (हो, खड्डे आहेतच. आणि स्वस्तातले कॅम्बर बोल्ट सरकतात, हेही खरं.) नव्या स्प्रिंगा थोड्या बसतात, म्हणून काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा बोलावून पाहिलं. या सगळ्याचा खर्च एका चांगल्या टायरपेक्षा कमी झाला.

मागे मल्टिलिंक (प्रत्येक चाकाला वेगवेगळे अनेक आर्म) असलेल्या मोठ्या सेडान गाड्यांची गोष्ट वेगळी. त्या खाली केल्या की मागच्या चाकांचा माथा चांगलाच आत झुकतो आणि मागचे टायर आधी जातात. त्यांत मागचा टो बोल्टने फिरवता येतो, कॅम्बरसाठी मात्र बऱ्याचदा लांबी बदलता येणारे आर्म घालावे लागतात. तिथे आधी मागचा टो, मग पुढचा. नाहीतर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते.

आता स्प्रिंग कापणाऱ्यांबद्दल. कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून थेट उपनगरांतल्या गल्ल्यांपर्यंत ग्राइंडर लावून एक-दीड वेढा कापून देणारे आहेत. स्वस्त पडतं. पण कापलेल्या स्प्रिंगचं टोक तिच्या बैठकीत नीट बसत नाही. चाक खाली लटकलं, म्हणजे एखाद्या उंच गतिरोधकावरून उतरताना, की ती सैल होते आणि परत येताना वेडीवाकडी बसते. दोन बाजूंना दोन वेगळ्या उंची येतात. मग माझ्याकडे या, मी काय करणार? वेढे कमी झाले की स्प्रिंग कडकही होते. मूळ शॉकअप तो कडकपणा सांभाळायला बनलेला नसतो, त्याला खाली जायला जागाही उरत नाही, तो रबरी स्टॉपरवर आपटत राहतो आणि लवकर बसतो. बसलेल्या शॉकअपची झीज वेगळी दिसते: टायरवर थोड्या थोड्या अंतराने खळगे पडतात आणि पळताना घरघर येते. ती घरघर ऐकून लोक व्हील बेअरिंग बदलतात. एकाने दोन्ही बेअरिंगं बदलून आणली होती, आवाज तसाच. टायरवर हात फिरवला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं.

गाडी खाली केली की वळणावर चिकटून चालते, असं मुलं सांगतात. नेहमी नाही. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (बहुतेक छोट्या गाड्यांत असतो तोच स्ट्रट) असलेल्या गाड्या जास्त खाली केल्या, लोअर आर्म आडवा होऊन चाकाकडे वर चढला, की गाडी ज्या बिंदूभोवती कलंडते तो बिंदू गाडीच्या वजनाच्या मध्यबिंदूपेक्षा जास्त खाली सरकतो. मग स्प्रिंग मूळचीच किंवा जेमतेम कडक असेल, तर गाडी वळणावर कमी नव्हे, जास्त कलते. हे मी सांगतो तेव्हा मुलं माझ्याकडे बघून हसतात. हसू देत.

मुंबईत किती खाली करावं, हाही प्रश्न आहे. हॅचबॅकचं ग्राउंड क्लिअरन्स (पोटाखालची मोकळी जागा) १६० ते १७० मिलिमीटर धरा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोल गतिरोधक १०० मिलिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद. एवढ्या रुंदीवर गाडी अलगद चढते-उतरते. आपल्या सोसायट्यांच्या गेटवर ठोकलेला काळा-पिवळा प्लास्टिकचा उंचवटा रुंदीने वीतभर असतो आणि उंचीचं मोजमाप कुणी केलेलं नसतं. ५० मिलिमीटर खाली केलेली गाडी, आत चार माणसं आणि डिकीत सामान; उरलं काय? म्हणून मी २५ ते ३० मिलिमीटरच्या पुढे कुणाला सल्ला देत नाही, आणि तोही कंपनीच्या जोडीच्या स्प्रिंगा आणि त्यांना साजणारे शॉकअप असतील तरच.

कायद्याचं एक वाक्य लिहिणं भाग आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नव्या रूपात आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलांसाठी प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीची तरतूद आहे. आपल्या बदलाला ते लागू होतं का, हे आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारून घ्यावं. माझ्या दुकानात विचारू नये; लोक मलाच विचारतात.

हे पत्र आत्ताच लिहायचं कारण गणपती. महिनाभरात भांडुप, मुलुंड, विक्रोळीतली निम्मी वस्ती गावाला निघेल. एरवी एकटा मुलगा ऑफिसला नेतो ती गाडी तेव्हा आई-वडील, आत्या, मखराचं सामान आणि नारळाच्या पोत्यासकट मुंबई-गोवा महामार्गाला लागेल. वजनाने ती आणखी बसेल, टो आणखी सरकेल, आणि पावसात आतल्या कडेला नक्षी नसलेला टायर पाणी बाहेर टाकू शकणार नाही. तीच गाडी पुढे कधीतरी समृद्धीवर जाते, जिथे ताशी १२० किलोमीटरची परवानगी आहे.

निघण्याआधी एवढं तरी करा. गाडी सपाट जागी उभी करा, स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, म्हणजे पुढच्या टायरची आतली कड दिसते. मागच्या टायरसाठी मोबाइलचा टॉर्च लावून, हात आत घालून फोटो काढा. नक्षीच्या खाचांमध्ये लहान आडवे उंचवटे असतात; नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, तो टायर संपला. आत, मध्ये आणि बाहेर, तीनही ठिकाणी बघा. तार दिसत नसेल तरच टायरवर आडवा तळवा फिरवा: एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं टोचलं, तर टो बिघडलाय. फक्त मधली पट्टी झिजली असेल तर हवा जास्त भरताय, दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी. एकाच चाकाची आतली कड गेली असेल तर खुशाल खड्ड्याला दोष द्या आणि आर्म, स्ट्रट तपासून घ्या. दोन्ही सारख्या गेल्या असतील तर तुमच्या स्प्रिंगा बघा.

आणि अलाइनमेंट कुठेही करा, माझ्याकडेच या असं नाही. फक्त काम सुरू होण्यापूर्वीचे आकडे आणि झाल्यानंतरचे आकडे, दोन्हींचा छापील कागद मागा. त्यावर चारही चाकांचा कॅम्बर आणि टो असायला हवा. टार्गेट लावण्याआधी गाडीखाली जाऊन बॉल जॉइंट (लोअर आर्म आणि चाक यांच्यातला फिरता सांधा) आणि टाय रॉड कुणी हलवून पाहिले का, तेही उभं राहून बघा. प्रिंटर बंद आहे असं सांगितलं, तर स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढा आणि मगच पैसे द्या.

आपला,
एक अलाइनमेंटवाला वाचक
भांडुप (पश्चिम), मुंबई